बेलफास्टच्या बर्फावर जावयाचा गुडघा

आयर्लंडमधल्या ॲडम्सटाउनच्या स्टेशनावर लेकीसोबत, मुक्तासोबत, उभी होते तेव्हा पिशवीत मेथीचे पराठे होते. आम्ही बेलफास्टला निघालो होतो, जावयाची मॅच बघायला. पण सकाळीच मी एक घोळ घालून ठेवला होता आणि मुक्ता माझ्याशी मोजकंच बोलत होती.

आमचे जावई ब्रेट कॅनडाचे. (मी त्यांना अहो-जाहो करते, इंग्रजीत ते पोचत नाही, हा भाग वेगळा.) चौदा वर्षं बर्फावरची हॉकी हाच त्यांचा पेशा. समोरचे दोन दात त्यातच गेले. उन्हाळ्यात गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टरांनी बजावलं, आणखी एक जबर मार बसला तर साधं चालणंही अवघड होईल. तरी ते बेलफास्टच्या संघाकडून महिनाभराच्या करारावर परत उतरले. मोसमभर ठेवायचं की नाही, हे आजची मॅच बघून प्रशिक्षक सांगणार होते. त्यांनी आता खेळणं थांबवावं असं मुक्ताला फार वाटे, पण त्यांच्याशी बोलायची नाही. मला म्हणायची, “ज्याचं सगळं आयुष्य त्यात गेलं, त्याला मी कसं सांगू?”

तर सकाळचा घोळ. खंडेनवमी होती. नागपूरला आमच्याकडे या दिवशी ज्याच्या-त्याच्या हत्याराची पूजा होते. माझे वडील पाने-पकडी मांडत. इथे दाराशी ब्रेटच्या तीन हॉकी स्टिक्स टेकवलेल्या, पात्यांना नुकतीच काळी पट्टी गुंडाळलेली. मी हळद-कुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, दुकानातून आणलेली शेवंती ठेवली.

“आई, काय केलंस हे! मॅचच्या दिवशी त्याच्या स्टिक्सना मीसुद्धा हात लावत नाही!”

“मला काय माहीत बाप्पा?” मी म्हटलं.

या खेळाडूंचं सोवळं आपल्यापेक्षा कडक असतं, हे मला तेव्हा कळलं. अंघोळ करून आलेले ब्रेट त्या कुंकवाकडे बघत उभे राहिले. मुक्तानं पूजेचा अर्थ सांगितला. “ग्रँड,” (इकडे ‘ठीक आहे’ला असं म्हणतात) एवढंच बोलून त्यांनी स्टिक्स उचलल्या आणि गाडी घेऊन पुढे गेले. चेहरा काही ग्रँड नव्हता.

डब्लिनला गाडी बदलली. उजवीकडे समुद्र, डावीकडे मेंढ्या. उत्तर आयर्लंडची सीमा कधी ओलांडली ते मोबाइलला कळलं, मला नाही.

स्टेडियममध्ये गारठा. शेजारच्या आजोबांनी थर्मासमधला चहा पुढे केला. “पहिल्यांदाच आलात?”

“आमचे जावई आहेत,” मी बोट दाखवलं.

“अच्छा, तो गुडघेवाला!” ते म्हणाले. म्हणजे सगळ्या गावाला माहीत.

शेवटची काही मिनिटं उरली होती. एका धिप्पाड गड्यानं ब्रेटना कठड्यावर असं आदळलं की आमच्या खुर्च्या हादरल्या. ते खाली पडले आणि हललेच नाहीत. मुक्तानं माझा दंड घट्ट धरला. मला एकच दिसत होतं, पात्यावर कुंकू लावणारी माझी बोटं.

“थांबा जरा, उठेल तो,” आजोबा हळूच म्हणाले.

ब्रेटनी आधी एक पाय जवळ घेतला, मग दुसरा, आणि कुणाचाही हात न धरता उभे राहिले. दोन्ही संघांचे खेळाडू बर्फावर स्टिक्स आपटायला लागले. ही त्यांची टाळी. मी मात्र खरोखरीच्या टाळ्या वाजवत रडत होते.

मॅचनंतर ब्रेट ओल्या केसांनी बाहेर आले आणि उभ्या-उभ्या दोन पराठे संपवले. मग म्हणाले, “मोसमभर ठेवताहेत मला.”

मुक्ता कसंबसं हसली. “छान झालं.”

“मी नको म्हणालो.”

“का?” मुक्तानं विचारलं.

“पडलो होतो तेव्हा गुडघा हलवायची हिंमत होत नव्हती. मग हलवला, तर हलला! तेव्हाच ठरवलं, हा असाच घरी न्यायचा.” मुक्ता त्यांच्या गळ्यात पडून हमसाहमशी रडली. किती महिन्यांचं साठलं होतं कोण जाणे.

मी स्टिक्सबद्दल माफी मागितली. ते हसले. “आई, त्या पूजेमुळे मार बसला की गुडघा वाचला, हे मला अजून ठरवता येत नाहीये.”

महिन्याभरानं नागपूरला परतले. जावई काय करतात, असं कुणी विचारलं की मी आजवर ‘खेळतात’ म्हणून विषय बदलायचे. पुढे त्यांच्या दुखण्यांवर बोलणं जाईल याची धास्ती असायची. परवा शेजारणीनं तेच विचारलं. मी तिला बसवलं, चहा टाकला आणि सांगितलं, “चौदा वर्षं खेळले, आणि स्वतःच्या पायांनी चालत घरी आले.”