दुकान सुरू आहे: अकोला ते राजापेठ

अमरावतीला जायचं ठरलं ते वहिनींच्या फोनमुळे. "भाऊजी, दुकान उघडं हाय, पन गिऱ्हाईकच येऊन नाही राहिलं." राजापेठेत दादाचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. शेतातल्या पाण्याच्या मोटरी जळाल्या की तिथं नव्याने तार भरून देतात. चार महिन्यांपूर्वी दादा गेला. आता वहिनी आणि जुने कारागीर रहीमचाचा दुकान चालवतात.

अकोल्याहून सकाळची एसटी घ्यावी, दोन-अडीच तासांत पोचते. मूर्तिजापूरला चहा मिळतो. पुढच्या सीटवरचे दोघे अमरावतीचा दह्यातला गिला वडा कुठे मिळतो, ते मोबाईलवर शोधत होते.

"खाली अजून नावं हायेत ना बे."

"खाली कोन पाह्यते? पयलं दिसलं तिथंच जाऊ."

दुकानात नांदगाव खंडेश्वरचे एक जुने गिऱ्हाईक नुसते भेटायला आले होते. मोटर त्यांनी बडनेऱ्यात भरून घेतली होती.

"काहून जी?" वहिनींनी विचारलं.

"मोबाईलवर श्रद्धांजली लिहेल होती. दुखवट्याच्या घरी मोटर घेऊन कसं यावं, बाई?"

रहीमचाचा म्हणाले, "दुकान जिंदा हाय, मोबाईलनंच त्याले मारून टाकलं."

दुकानाच्या वेबसाइटचं ते पान माझं. वेबसाइट बनवणं हाच माझा धंदा. दादा गेला त्या आठवड्यात पहिल्या पानावरचं सगळं काढून मी त्याचा फोटो आणि 'भावपूर्ण श्रद्धांजली' लावलं. शीर्षकही तेच. 'मोटर' हा शब्दच उरला नाही. मग मोटर शोधणाऱ्याला गूगल हे दुकान दाखवणार कसं? दुसऱ्या कुणाची ही चूक मी लगेच पकडली असती.

"फोटो काढला तं लोक काय म्हनतीन?" वहिनी म्हणाल्या.

"काढत नाही. आतल्या पानावर ठेवतो."

मग म्हणाल्या, "लेहा."

गिऱ्हाईक फोनवर नेमकं काय बोलतं, ते विचारलं. 'मोटर जळाली, कवा भेटन?' म्हणून शीर्षक केलं: 'मोटर जळाली? रिवाइंडिंग, राजापेठ, अमरावती'. खाली वेळ, पत्ता, 'दुकान सुरू आहे'.

निघताना गिला वडा घेतला. दही भरपूर घालतात. अर्धा राहिला.

गूगलला बदल दिसायला काही दिवस लागतात. तिसऱ्या आठवड्यात वहिनींना फोन केला, तर "थांबा भाऊजी, गिऱ्हाईक हाय," म्हणून त्यांनी ठेवून दिला.

दादाच्या पानावर आता कुणी फारसं पोचत नाही. आकडेवारीत तिथं रोज एक भेट दिसते. ती माझीच.