चाळीस नोंदींची एक नोंद

निवृत्त होण्याआधी मी वर्ध्यातल्या एका संस्थेत संगणक शिकवत असे. संस्थेने एका कापूस खरेदी केंद्रासाठी गाड्यांचे रांगेतले नंबर लावणारा प्रोग्राम करायला घेतला. काम दोघांचं होतं: माझं आणि करारावर घेतलेल्या माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचं. ती आर्वीकडच्या रोहणा गावची.

दोघांचा कोड एकाच ठिकाणी असे. कोणती ओळ कोणी बदलली याची नोंद तिथे आपोआप राहते. काय बदललं ते एका वाक्यात आपण लिहायचं. ती नीट लिहायची. मी लिहायचो, 'झालं', 'आता झालं', 'खरंच झालं', 'जेवून येतो'.

"सर, हा कोडचा इतिहास आहे का तुमची डायरी?" ती म्हणायची.

मग नागपूरहून लोक तपासणीला येणार असं कळलं. मला त्या नोंदींची लाज वाटली. पाहुणे यायच्या आधी अंगण झाडतात, तशा मी त्या झाडून काढल्या. ती बाहेर गेली होती. तिचा संगणक सुरू होता, त्यावर बसलो, दोघांच्या चाळीसेक नोंदींची एकच नोंद केली आणि ती जुन्यांच्या जागी चढवली. संगणक तिचा, म्हणून नाव तिचं लागलं. ते मला दिसलं होतं. श्रेय तिलाच मिळेल, असं मी मनाशी म्हटलं.

हंगामात केंद्रावर वीज गेली. परत आली तेव्हा नंबर पुन्हा एकपासून सुरू झाले. सकाळपासून उभे असलेले ट्रॅक्टर मागे राहिले, दुपारी आलेले आत गेले आणि फाटकाशी मारामारी झाली. चूक माझ्या ओळीत होती. संस्थेने नेमलेल्या चौकशी समितीने इतिहास उघडला. त्यात एकच नोंद, एकच नाव.

"मॅडमचं काम दिसते हे," एक सदस्य म्हणाले.

मी समोरच बसलो होतो. जुना, अख्खा इतिहास माझ्या घरच्या लॅपटॉपवर होता. मी काही बोललो नाही. तिचा करार पुढे वाढला नाही. जाताना तिने अनुभवाचं पत्र मागितलं. मी "पाहू" म्हणालो आणि दिलं नाही.

यंदा मी तो जुना इतिहास संस्थेकडे पाठवला, समितीला सविस्तर लिहिलं आणि तिला फोन केला. ती आता गावातच मुलांना संगणक शिकवते.

"मले तवाच माहीत होतं, सर," ती म्हणाली.

"मग बोलली काऊन नाई?"

"तुमीच बोलसान म्हून वाट पाहून राह्यलती मी." ती जरा हसली. "माफी राहू द्या. ते पत्र द्या. नोकरीसाठी अर्ज केला आहे मी."

पत्र घ्यायला ती वर्ध्याच्या बसस्टँडवर आली. तिने ते उभ्यानेच वाचलं. 'सदर बिघाडात त्यांची चूक नव्हती,' असं मी लिहिलं होतं.

"कोणाची होती?"

"माझी."

"मग तसं लिहा ना. अर्धं काऊन लिहिता?"

माझ्याकडे कोरा कागद नव्हता. तिने पर्समधून काढून दिला. मी बाकावर बसून पत्र पहिल्या ओळीपासून पुन्हा लिहू लागलो. आर्वीची बस लागली होती. तिने ती जाऊ दिली.