वसुधा आणि पन्नासची फिल्म

वसुधा गेल्याचं तिच्या नवऱ्यानं, अरविंदरावांनी, फोनवर सांगितलं तेव्हा मी पालघरच्या बाजारात होते. आता महिना उलटला, पण डोळ्यांपुढे आजारातली वसुधा येतच नाही. दिसते ती दातिवऱ्याच्या किनाऱ्यावर ट्रायपॉडपाशी वाकलेली.

बोईसरच्या शाळेत ती विज्ञान शिकवायची, मी मराठी. फोटोंचा तिला नाद, तोही पन्नास आयएसओच्या मंद फिल्मवर. ही फिल्म प्रकाश सावकाश टिपते, शटर जास्त वेळ उघडं ठेवावं लागतं. पण चित्र कसं नितळ येतं! पुढे ती दुकानात मिळेनाशी झाली. डिजिटल कॅमेरा घेतला, तर त्याचा आयएसओ, म्हणजे प्रकाश टिपायचा वेग, शंभराच्या खाली उतरेना. "अंधारात दिसावं म्हणून सगळे धडपडतात. पण सावकाश बघायची सोय कुणालाच नको... असं का गं?" ती मला विचारायची. मग ती मुंबईहून कुरिअरनं रोल मागवू लागली. कधी महिनोन् महिने यायचेच नाहीत.

असेच दोन रोल उरले असताना दातिवऱ्याच्या हिराबाईंनी तिला गाठलं. मुलं कारखान्यात लागली, समुद्रावर जाणारं कुणी उरलं नाही, म्हणून होडी विकायची ठरलेली. त्याआधी तिचा फोटो हवा होता. वसुधानं भरतीच्या वेळी, पहाटेच्या उजेडात एक रोल संपवला. फोटो धुऊन आले. हिराबाई बघतच राहिल्या. "बाय, माजी होडी कुठं हाय? ह्ये तर निसतं धुकं हाय."

शटर उघडं असेपर्यंत लाटांवर डुलणारी होडी फोटोत विरघळून गेली होती. "डिजिटलवर काढून दे की," मी म्हटलं. वसुधा ऐकेना. ओहोटीला होडी चिखलात बसली, तेव्हा भर उन्हात दुसरा रोल लावला. या वेळी फळ्यांची रेघ न् रेघ उमटली. हिराबाईंनी त्यावरून बोट फिरवलं आणि आधीचा फोटोही मागून घेतला. "ही घरी आलेली. ती दर्यात गेलेली. दोनी ऱ्हाऊ दे."

परवा अरविंदरावांकडे गेले होते. पाण्याची बाटली काढायला फ्रिज उघडला, तर दारात अंड्यांशेजारी पन्नासचा एक कोरा रोल. मी त्यांच्याकडे पाहिलं. "मंद फिल्म गारव्यात ठेवली की लवकर खराब होत नाही, म्हणायची," ते म्हणाले. "फ्रिज पुसताना उचलतो... परत तिथंच ठेवतो."