वास नसलेला बर्फ

वैशाखात भाईंदरजवळच्या चौकच्या बंदरावरून भरलेला पापलेट दिल्लीला उतरला, तेव्हा त्याला हुडहुडी भरली होती आणि हमालानं त्याच्यावर घोंगडं टाकलं, असं मी सांगायचो. ऐकणारे हसायचे. माय हसायची नाही. ती म्हणायची, "निम्मं पाड." माझं कुठलंही बोलणं ती निम्म्यानंच धरायची. पोटभर जेवून आलोय म्हटलं तरी अर्धी भाकर ताटात टाकायची.

नव्वदनंतरच्या त्या वर्षांत भाईंदरच्या एका बर्फाच्या फॅक्टरीतून मासळीच्या गाड्या सोडायचं काम माझ्याकडे होतं. गाड्या म्हणजे जुने टेम्पो, आतून थर्माकोल लावून वर पत्रा ठोकलेले. गारवा करणारं मशीन एकाच गाडीला होतं आणि त्याचा स्वभाव जावयाचा. मान ठेवला तर चालणार, नाहीतर ऐन उन्हात हायवेवर रुसून बसणार. बाकी सगळा कारभार बर्फावर. खाली चुरा, मग मासळी, परत चुरा, वरून गोणपाट. आमच्या धंद्याचा कायदा एकच. माल बर्फानं नासत नाही, बर्फाच्या पाण्यानं नासतो. म्हणून गाडीच्या तळाला भोक आणि भोकाला नळी. माझ्या गाडीमागची ओली रेघ धरून भाईंदरची मांजरं सुरतेपर्यंत गेली आणि तिथंच संसार मांडून बसली, हेही मी शपथेवर सांगायचो.

मायला या धंद्याचा अभिमान होता, वास तेवढा सोसत नव्हता. आम्ही परभणीकडचे. आठवडी बाजारातला सुका बोंबील ती तव्यावर भाजून आवडीनं खायची, पण ओल्या मासळीच्या वासानं तिला मळमळायचं. मीरा रोडला आमचं घर तिसऱ्या मजल्यावर. मी कामावरून आलो की माय दारात आडवी उभी. बाहेर पॅसेजमध्येच बादली, साबण आणि धुतलेला लेंगा ठेवलेला. "आधी माणूस हो, मग घरात ये," म्हणायची. शेजारपाजारच्या पोरांना माझी आंघोळ म्हणजे फुकटचा तमाशा होता.

ती गेली ती भर मे महिन्यात, सकाळी चहा पिता पिता. कप खाली ठेवला आणि भिंतीला टेकली. बायको म्हणाली, डोळा लागलाय, उठवू नका. आम्ही थोडा वेळ उठवलंही नाही.

डॉक्टर येऊन दाखला देऊन गेले. मग मी खालच्या एसटीडी बूथवरून बहिणीच्या गावच्या किराणा दुकानात फोन लावला. दुकानदारानं तिला बोलावून आणेपर्यंत मीटर पळत होतं आणि काय बोलायचं ते मी जुळवत होतो. जुळवलेलं काहीच लागलं नाही. माझा आवाज ऐकूनच तिला कळलं. पोरांच्या सुट्टीत मायकडे यायचं म्हणून तिनं पापड-कुरडया बांधून ठेवल्या होत्या. ती रडली नाही. एवढंच म्हणाली, "दादा, मी येईस्तोर मायला ठेव. मला तिचं तोंड बघायचंय."

ठेवतो, म्हणालो. तिकडून एसटी संध्याकाळची. दुसऱ्या दिवशी ती पोचणार, तेही घाट मोकळा असला तर.

समाजातले एक वडीलधारे आले होते. त्यांनी मला बाजूला घेतलं. उन्हाळ्याचे दिवस आहेत, घरात लहान लेकरं आहेत, आजच बुद्धवंदना घेऊन उरकू, पोरीला समजावता येईल, असं त्यांचं म्हणणं. तळमळीनंच सांगत होते. शवागारात न्या म्हणणारेही निघाले, पण त्या काळी त्यासाठी मुंबई गाठावी लागे, आणि मायला मी कुठल्या कप्प्यात ठेवणार नव्हतो. मी म्हणालो, काका, चौकचा बोंबील, जो हातात धरला तर पाणी होतो, तो मी पार आतल्या गावांपर्यंत ताजा पोचवलाय. उद्यापर्यंत मी माझी माय ठेवू शकत नाही? काका परत मंडळींत जाऊन बसले. हे वाक्य मात्र निम्मं पाडू नका, होतं तसं सांगतोय.

फॅक्टरीत गेलो आणि दारातच पाय अडला. आयुष्यात पहिल्यांदा मला तिथला वास आला. फरशीला वास, बर्फ फोडायच्या क्रशरला वास, गोणपाटाला वास. आणि या बर्फात मी तिला ठेवणार होतो. माझ्या ड्रायव्हरनं टेम्पो सोड्यानं धुतला, आत शिरून हुंगला आणि खाली मान घालून बाहेर आला. "भाऊ, थोडी बू है," म्हणाला. मग तोच कुठून तरी फर्निचरवाल्याचा टेम्पो घेऊन आला. साच्यातून निघालेल्या बर्फाच्या लाद्या आम्ही फरशीला न टेकवता थेट नव्या प्लास्टिकवर घेतल्या. क्रशरला घातल्या नाहीत. घरी नेऊन धुतलेल्या चादरीत गुंडाळून हातानं फोडल्या. ड्रायव्हर म्हणाला, भाऊ, मीठ टाकूया, गारठा वाढतो. मासळीला मीच टाकायला लावायचो. त्या दिवशी नको म्हटलं. मिठाच्या बर्फानं कातडी जळते.

मोरीकडे उतार करून पत्रा लावला. मायला प्लास्टिकमध्ये गुंडाळलं, दोन्ही अंगांनी चुरा भरला, तोंड मोकळं ठेवलं. मग पाणी काढत बसलो. पत्र्याच्या कडेला साचलं की फडक्यानं टिपायचं, बादलीत पिळायचं. बायको जेवायला बोलवून दमली. लाद्या येत राहिल्या, ड्रायव्हर जिने चढत राहिला. मी मधून मधून वाकून वास घेत होतो. बर्फाला वास नव्हता. मायच्या केसांना खोबरेल तेलाचा होता, तो कमी कमी होत गेला.

एवढं करूनही पाणी फरशीत मुरलंच. आमच्या खाली एक गुजराती बेन राहायच्या. आमच्या मोरीच्या गळतीवरून त्यांनी मायशी एवढी भांडणं केली होती की सोसायटीच्या मीटिंगला दुसरा विषयच नसायचा. सकाळी त्या वर आल्या. त्यांच्या छतातून पाणी टपकत होतं. मी माफी मागायला उठलो, तर त्यांनी मला हातानंच बसवलं. "पानी आने दो, भाई. मैंने नीचे बालटी रखी है." आणि मायच्या पायाशी बसून राहिल्या.

बहीण आली तेव्हा दुपार कलली होती. घाट तुंबला होता. तिला जिन्यावर येताना ऐकलं आणि मी घाईनं मायच्या कपाळावरचे थेंब टिपले. चेहरा जसाच्या तसा होता. खोटं नाही, चहाचा कप ठेवताना होता तसा. माझ्या सगळ्या जन्मात एवढा चोख माल मी कुठं पोचवला नव्हता, आणि मला त्याचा अभिमान वाटत होता.

तिनं वाकून मायच्या गालाला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागं घेतला. मग माझ्याकडे बघितलं.

"हिला कशाला एवढं गारठवलंस रे? हिला थंडी कुठं सोसत होती?"

पापलेटाला हुडहुडी भरली म्हणून घोंगडं टाकल्याची गोष्ट मीच सांगायचो.

तिनं पदर खोचला आणि ओंजळीनं बर्फ बाजूला काढू लागली. वडीलधारे काका पुढं झाले, बेननी त्यांना थांबवलं. मीही बर्फ काढू लागलो. रात्रभर जिथं जिथं दाबून भरला होता तिथून, मानेखालून, कुशीतून. बहिणीनं प्लास्टिक सोडवलं, अंगावरची शाल मायवर टाकली आणि मायचा एक हात आपल्या दोन्ही हातांत घेऊन चोळायला लागली.

"तो हात तू घे," म्हणाली.

मी घेतला. खाली लोक तिरडी बांधत होते, वंदनेसाठी मंडळी जिन्यात ताटकळली होती. आम्ही दोघं मायच्या दोन बाजूंना बसून तिचे हात चोळत होतो, आणि फरशीवर बर्फाचं पाणी पसरत होतं, ते मी टिपलं नाही.