पेन्सिलीतला पक्षी

पक्षी येतात आणि उडून जातात, किस्से मात्र घरटं करून बसतात. आमच्या लातूरच्या घराच्या मागच्या अंगणात इतके साठलेत, की पाहुण्याचा चहा संपतो तरी आमचं संपत नाही.

सुरुवात भूकंपानंतरची. घरात झोपायची कुणाची छाती नव्हती. आमची आणि शेजारच्या करीमचाचांची मधली भिंत पडली होती, म्हणून दोन्ही अंगणांत मिळून एकच पत्र्याचं शेड घातलं. चाचा टेलर. माझे वडील अण्णा गणिताचे शिक्षक, नुकतेच रिटायर झालेले. चाचा त्यांना ‘गुरुजी’ म्हणायचे, अण्णा चाचांना ‘मास्टर’. फाल्गुन लागला आणि पाखरांच्या गलक्यानं सगळेच पहाटे उठू लागले. अण्णांनी दिसलेल्या पाखरांची वही सुरू केली. तेव्हा ‘आज पुन्हा हलणार’ अशा बातम्या रोज उठायच्या, म्हणून नियम कडक: “एकानं पाहिलं ती अफवा, दोघांनी पाहिलं ती नोंद.”

* * *

नियमाचा पहिला बळी चाचाच. एका सकाळी ते एकटे असताना अंगणातल्या उंबरावर एक पांढराशुभ्र पक्षी आला.

“गुरुजी, काळं डोकं, बुलबुलाएवढं अंग, अन् शेपूट बारा इंच.”

“मास्टर, एवढ्याशा पाखराला बारा इंच?”

“टेप गळ्यात घालूनच म्हातारा झालो मी. माझं माप चुकत न्हाई.”

“साक्षीदार?”

“मी अन् माझी बकरी.”

अण्णांनी पेन्सिलीनं लिहिलं. दुसरा साक्षीदार मिळाला की शाईनं. चाचांना ते फार लागलं. त्यांच्या मापावर गावानं कधी शंका घेतली नव्हती. तेव्हापासून दर फाल्गुनात ते रोज सकाळी उंबराखाली खुर्ची टाकून बसायचे.

* * *

अण्णांना एकदा पिवळाधमक हळद्या दिसला. त्यांनी आईला हाक मारली. ती पिठाचे हात घेऊन येईपर्यंत तो उडाला.

“दिसला म्हण ना.”

“मला न्हाई दिसला.”

अण्णांनी निमूटपणे स्वतःचाही हळद्या पेन्सिलीनं लिहिला. चाचा दिवसभर हसत होते.

* * *

मग लातूरला क्लासचे दिवस आले. वरची खोली मुखेडच्या सुनीताला दिली. बारावी सायन्स. आठवड्यातच तक्रार घेऊन खाली आली.

“आजोबा, त्या मिस्त्रीला सांगा ना. सकाळधरनं ठोकून राहिलाय, फिजिक्स डोक्यात शिरंना.”

अण्णांनी तिला उंबरावरचा तांबट दाखवला. मुठीएवढा हिरवा पक्षी, टुक टुक टुक, थांबायचं नाव नाही.

ती बघतच राहिली. “ह्याला कोणत्या क्लासला घातलंय?”

त्यानंतर तोंडात ब्रश घेऊन साक्षीला पहिली हजर तीच. कॉलेजच्या लायब्ररीतलं पुस्तकही तिनंच आणलं. “हे बघा, स्वर्गीय नर्तक. पांढरा, काळं डोकं, लांब शेपूट. चाचा खरं बोलत होते.”

अण्णांनी चित्र नीट पाहिलं. “छान आहे. पण पुस्तक साक्षीदार होत नाही.”

सुनीता आज नांदेडला डॉक्टर आहे, याचा आम्हाला पोटच्या पोरीइतका अभिमान आहे. फाल्गुनात फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला: “शाईचं झालं का?”

* * *

गल्लीत सगळ्यांनी क्लासच्या पोरांसाठी भाड्याच्या खोल्या काढल्या. आमच्याकडेही एक कॉन्ट्रॅक्टर उंबर बघून म्हणाला, “झाड काढलं की चार रूम निघत्याल.”

अण्णांनी त्याच्यापुढे वही ठेवली. “एकतीस भाडेकरू आधीच आहेत. त्यांना विचारून घ्या.”

तो पुन्हा आला नाही.

* * *

पुढे काचबिंदूनं चाचांची नजर गेली. खुर्ची मात्र उंबराखालीच.

गेल्या फाल्गुनात दोघं तिथं चहा पीत होते. मी दारात तांदूळ निवडत होते. अण्णा बोलता बोलता थांबले, वर बघत राहिले.

“गुरुजी, गप का झाले?”

अण्णा उठले आणि वही घेऊन आले. पहिली पानं काढली, पुसट झालेल्या पेन्सिलीवरून सावकाश शाई फिरवली आणि खाली सही केली. मी वर पाहिलं. एक फांदी तेवढी हलत होती.

“मास्टर, साक्षीदार मिळाला.”

“कोन?”

“मी.”

चाचांनी हळूच विचारलं, “शेपूट किती भरलं?”

“बारा इंच,” अण्णा म्हणाले.