झमकीबाई असं म्हणाल्याच नव्हत्या

बायकोला हे ठाऊक नाही. भावालाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही कदाचित तो चित्रपट पाहून टाळ्या वाजवल्या असतील.

मी मंगरूळपीरला राहतो. शेती मानोऱ्याकडे, तांड्याला लागून. लहानपणी तांड्यातली माणसं आमच्या वावरात कामाला असायची, म्हणून मला बंजारा बोली येते. माझी लायकी तेवढीच — आणि तिच्यावरच मला त्या चित्रपटाच्या कामात घेतलं. इरा नावाची एक मुलगी बाहेरून आली होती. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांनी आपलं जगणं स्वतःच मोबाइलवर चित्रित करायचं, भिंतींवर स्वतःच रंगवायचं आणि सगळ्यांनी मिळून त्याचा चित्रपट करायचा, अशी तिची कल्पना. मला हसू यायचं. चूल पेटवण्यात कसली आलीय कला? पण पडद्यावर स्वतःचं नाव दिसणार म्हटल्यावर नाही कोण म्हणतो? मी तर नाहीच.

इराला तांड्याची बोली कळत नव्हती, तांड्याला इराची भाषा नीट कळत नव्हती. मधे मी.

एक दिवस तांड्यातल्या अनितानं तिच्या आईला, झमकीबाईंना, कॅमेऱ्यासमोर बसवलं आणि विचारलं — आपण दरवर्षी गाव सोडून काहून जातो? बाई शांतपणे बोलल्या. आपल्या बोलीत. पाण्यापायी जात नाही, म्हणाल्या. आमचं वावर आहे, चांगलं आहे. पण वावरात जायची पांधण, बंडीची वाट, पाटलानं नांगरून आपल्या वावरात घेतली. बैलबंडी जात नाही, तर वावर करावं कसं?

आणि पाटलाचं नाव घेतलं. माझ्या वडिलांचं.

वडील तोवर गेले होते. त्यांचं वावर — त्या पांधणीसकट — आता माझ्या नावावर आहे. आता कळलं ना, कुठं चाललोय ते?

पडद्याखालच्या ओळी मी लिहायचो. मी लिहिलं : 'पाऊस पडत नाही. जमीन कोरडी पडली. म्हणून आम्ही जातो.'

लाज वाटली? छे. उलट वाक्य छान जमलं म्हणून मी स्वतःवरच खूश झालो.

आणि तुम्ही! चित्रपट शहरात दाखवला तेव्हा सभागृहात एक गृहस्थ उठून म्हणाले, त्यांना भेगाळलेल्या मातीचा श्वास ऐकू आला. पडद्यावर झमकीबाईंच्या मागे आमची तूर हिरवीगार उभी होती — आणि एकालाही प्रश्न पडला नाही. दुष्काळ म्हटलं की तुम्हाला बरं वाटतं. त्यात कुणी पाटील नसतो. मी तुमच्याकडे बघत होतो आणि मनातल्या मनात थुंकत होतो. मग मंचावर जाऊन तुमच्याकडूनच शाल घेतली.

मग चित्रपट तांड्यात दाखवला. आई बोलत होती आणि अनिता खालच्या ओळी वाचत होती — ती मानोऱ्याला कॉलेजात शिकते, हे मला माहीत नव्हतं का? होतं. पण तांड्यातली पोरगी काय वाचणार, असं मी गृहीत धरलं होतं. ती उभी राहिली आणि खाली काय लिहिलंय ते तिनं सगळ्यांसमोर आईला सांगितलं.

झमकीबाई माझ्याकडे वळल्या. "मी पान्याचं कवा बोलली?"

तेव्हा तरी खरं बोलायचं होतं. मी इराकडे बोट दाखवलं. त्यांच्याच बोलीत म्हणालो, "मी बरोबर लिहून देल्तं मावशी. या बाईनं बदललं."

बायका इराकडे बघायला लागल्या. अनितानं चित्रीकरणाचा मोबाइल इराच्या पुढ्यात ठेवला आणि घरात निघून गेली. इरा मला विचारत राहिली — काय झालं, त्या का चिडल्या? मी म्हणालो, त्यांना चित्रपट आवडला नाही. आपण गरीब दिसलो म्हणतात.

तिनं सगळ्यांना हात जोडले. रडत गाडीत बसली. आपलं काय चुकलं, हे त्या मुलीला आजही माहीत नाही.

गाडी गेल्यावर झमकीबाई माझ्याजवळ आल्या. आवाज चढवला नाही.

"त्या पोरीले आपली बोली येते काय?"

मी निघायला वळलो.

"तुया बापानं तं तोंडावर सांगतलं होतं, जा, रस्ता नाही देत म्हून. तुले तेवढंही जमलं नाही."

आणि गेल्या. दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळीचा ट्रक आला, तेव्हा त्या आणि अनिता दोघीही त्यात बसल्या. अनिताचं कॉलेज तिथंच राहिलं.

इराचे फोन बरेच दिवस येत होते — झमकीबाईंना एकदा भेटायचंय, तू सोबत चल. मी उचलले नाहीत.

गेल्या महिन्यात एका महोत्सवानं तो चित्रपट मागवला. ओळी दुरुस्त करायला मला अर्धा दिवससुद्धा लागला नसता. मी होती तशीच प्रत पाठवली.