उशीपाशीचा टॉवर

टॉवरकाकांकडे नवं सिम मागितलं की ते आधी विचारायचे, "निजतंस खंय?" आमच्या भांडुपच्या टेकडीवरच्या चाळीत नव्याने आलेल्या सुना या प्रश्नाने लाजून जायच्या. काका मात्र खिशातला दोन सिमांचा बटणवाला फोन घेऊन घरी यायचे, चपला बाहेर काढायचे आणि सरळ उशीपाशी उकिडवे बसायचे.

"खिडकीत काय, सगळ्यांचोच टॉवर येता. माणूस आजारी पडता तेव्हा खिडकीत उभो रवता काय?" असं पुटपुटत ते दोन्ही सिमांच्या सिग्नलच्या दांड्या बघायचे. मग मोरी, मग चुलीची जागा. जिथे दांड्या जास्त, ते सिम. ऑफर गेली खड्ड्यात. टॉवरच्या बाबतीत हा माणूस सख्ख्या भावाशीही खोटं बोलायचा नाही. आईचं सिम त्यांनी असंच निवडून दिलं होतं.

मी बोरिवलीला राहायला गेलो आणि आईला नातू दिसावा म्हणून मोठ्या स्क्रीनचा झकास फोन घेतला. कंपनीचं सिम आतच. तोऱ्यात काकांच्या गाळ्यावर दाखवायला गेलो. त्यांनी आईचं जुनं सिम घालून बघितलं, चालेना.

"लॉक आसा रे ह्यो. ह्यात फक्त ह्याच कंपनीचा सिम चलता. आणि ह्येंचो टॉवर तुझ्या आवशीच्या खोलीत नाय. परत कर, लॉक नसलेलो घे."

"काका, तुमचं सिम खपत नाही म्हणून सांगताय ना?"

हो, मीच बोललो हे. लाज वाटते. काकांनी फोन माझ्या हातात ठेवला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळले.

आई खिडकीत उभी राहून बोलायची. "येतो रे आवाज," म्हणायची. एवढ्यावर मी खूश. दोनच महिन्यांत, चाळ कामावर गेलेली असताना, ती मोरीत घसरली. शेजारच्या वहिनींनी संध्याकाळी बघितलं तेव्हा ती मोरी आणि खिडकीच्या मध्येच पडली होती. फोन हातात होता. मला लावलेले अकरा कॉल, एकही लागला नव्हता.

तेराव्याला काका आले. फोटोला हात जोडले आणि मोरीपाशी जाऊन उकिडवे बसले. फोन काढून बघत राहिले.

"किती दांड्या आहेत, काका?" मी विचारलं.

"नाय रे," फोन खिशात टाकत ते म्हणाले. "हयसर माझो पण टॉवर नाय. तू जिवाक लावन घेव नको."

त्या शब्दांवर मला चार दिवस झोप लागली. त्याच आठवड्यात काका गाळा बंद करून कायमचे गावी गेले.

खोली रिकामी करताना आईच्या पितळी डब्यात तिचं जुनं सिम सापडलं. माझ्या फोनमध्ये घातलं आणि मोरीपाशी बसलो. सगळ्या दांड्या भरलेल्या होत्या.